अण्णांचा खिळा

म्हैसूरच्या केआरएस रस्त्यावरच्या टायर कारखान्यात अण्णांची तीस वर्षं गेली, तीही तपासणी खात्यात. पंक्चर म्हणजे खिळा. खिळा शोधा, उपटा, विषय संपला. निवृत्तीनंतर टायर सुटले आणि मेटगळ्ळीतली आम्ही चार मराठी घरं हाती लागली.

शेजारचा मुलगा अभ्यास करत नाही? ‘डोपामीन.’ वहिनींनी अबोला धरला? ‘बी-बारा.’ घरमालक भाडं वाढवतो? ‘बालपण!’ कारणं बदलतात. दसऱ्याला थायरॉईड होतं, संक्रांतीला आतड्यातले जंतू आले. पण एका वेळी एकच.

एकदा मी एम. व्ही. गोपालस्वामींचं नाव काढलं. म्हैसूर विद्यापीठात 1924 साली निघालेला मानसशास्त्र विभाग त्यांनी सांभाळला. त्यांचे लंडनचे गुरू स्पिअरमन साऱ्या बुद्धीमागे एक सामान्य घटक आहे म्हणत. ‘एक’ ऐकताच अण्णांनी हात जोडले.

“पण याच गोपालस्वामींनी 1935 साली राहत्या घरात रेडिओ केंद्र काढलं, आकाशवाणी. ते कुठल्या ग्रंथीमुळे?”

अण्णांनी कॉफीचा घोट घेतला. “अ‍ॅड्रिनल.”

मग मी, अख्खं हे तुकड्यांच्या बेरजेहून वेगळं म्हणणाऱ्या गेस्टाल्टवाल्यांचा आवडता दाखला दिला: पट्टी बदलली की गाण्याचे सगळे सूर बदलतात, तरी चाल तीच ओळखू येते. मग चाल कुठल्या सुरात असते?

“कान तपासून घ्या,” अण्णा म्हणाले.

परवा दूध उशिरा आलं. अण्णा दूधवाल्यावर कन्नडमधून असे कडाडले की समोरची गॅलरी भरली. मी हळूच म्हटलं, “डोपामीन?”

“अहो, असं एका शब्दात कसं सांगता येईल? कोल्हापूर सुटलं तिथून धरा. कन्नड शिकता शिकता मराठी मोडली. काल नळाला पाणी नाही, मुलीचा फोन नाही, त्यात गुडघा. माणूस समग्र बघावा लागतो!” समग्र व्हायला दीड तास लागला.

आपल्या वागण्याला परिस्थिती कारण आणि दुसऱ्याच्या वागण्याला त्याचा स्वभाव, ही माणसाची खोड जोन्स आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये मांडली. पुढे बर्ट्राम माले यांनी 173 अभ्यास चाळून ती फारशी टिकत नाही म्हटलं. त्यांना अण्णा भेटले नसावेत.

निघताना विचारलं, “आणि दूधवाल्याला उशीर का झाला?”

“आळशी आहे.”

दूधवाल्याची स्कूटर कोपऱ्यावर उभी होती. मागच्या टायरमध्ये खिळा होता.