पुढचा दौरा सिंगापूरचा

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे जुनं झालं. हल्ली आमच्याकडचे व्यापारी जर्मनीला विचारत नाहीत. धंद्याच्या कामाला थेट दुबईला जातात. देवगिरी एक्सप्रेसमध्ये रात्र काढून मुंबई गाठायची, तिथून तीन-साडेतीन तासांत दुबई. म्हणजे परदेश जवळ आणि राज्याची राजधानी लांब!

काम काय, तर मानवत-सेलूच्या कापसाला गिऱ्हाईक शोधणं. 2022 मध्ये भारत-अमिराती व्यापार करार लागू झाला, एवढं वाक्य पाठ करून नेलेलं असतं. प्रत्यक्षात 828 मीटरच्या बुर्ज खलिफासमोर मान मोडेस्तोवर फोटो, वाळूत गाडीची सफर आणि सोनेबाजारात सौंच्या बांगड्यांसाठी घासाघीस. व्हिजिटिंग कार्ड दिलं जातं ते दुकानातल्या केरळी सेल्समनला. तोही हिंदीत बोलतो.

परतल्यावर गांधी पार्कात चहावर दुबईपुराण लागतं. "रस्त्यावर कागदाचा कपटा दिसणार नाही, शेठ!" असं म्हणत वक्ते तिथेच कोपऱ्यात पिचकारी मारतात.

दुबईत वर्षाकाठी पाऊस जेमतेम 100 मिलिमीटर. समुद्राचं पाणी गोडं करून ते शहर पितं. परभणीत त्याच्या कितीतरी पट पाऊस, वर येलदरीचं धरण. तरी नळ कधी येणार हे शेजारच्या काकूंना विचारावं लागतं. शिष्टमंडळाने तिथे पाण्याची चौकशी केली नाही. ती मंडळी धंद्याच्या कामाला गेली होती ना!

आता सिंगापूरचं घाटतंय. इच्छुकांनी पासपोर्ट तयार ठेवावेत. कापसाचा नमुना नाही आणला तरी चालेल.