एकसष्ट किलोंची स्थळं

आमचे मामेसासरे न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतात आणि बॉक्सरांची लग्नं जुळवतात.

त्यांना कोणी सांगितलेलं नाही. ज्यांची जुळवायची, त्या मुलांना मामांचं अस्तित्वही ठाऊक नाही. पण बॉक्सिंगच्या धंद्यात लढती ठरवणाऱ्या माणसाला ‘मॅचमेकर’च म्हणतात, हे मामांना कळलं आणि घराण्यातली जुनी विद्या उफाळून आली. मामांच्या आईनं आयुष्यात चाळीसेक लग्नं जमवली होती म्हणे. मामांनी अजून एकही नाही. त्यांचा आनंद जमवण्यात नाही, ‘जमेल का’ यात आहे.

स्थळं मात्र एकाच वजनाची लागतात. लाइटवेट, म्हणजे 135 पौंड, आपल्या हिशेबानं 61 किलो आणि वर चिमूटभर. हेवीवेटचा विषय कोणी काढला तर ‘ती रेड्यांची टक्कर’ म्हणून मामा पुढची भजी उचलतात. स्वतः ते 90 च्या घरात आहेत. हातात मोजे घालतात ते फक्त अंगणातला बर्फ उपसायला, आणि तेही मामींनी तिसऱ्यांदा सांगितल्यावर.

आपल्याकडच्या माणसाला वाटतं, दोघं पहिलवान आहेत, आखाडा आहे, लावा की कुस्ती! तुमचं-आमचं असं भाबडं बोलणं ऐकलं की मामा करुणेनं हसतात आणि ‘जावईबापू, बसा’ म्हणतात. हे बसणं दीड तासाचं असतं.

तर आधी गोत्र. टॉप रँक हे एक घराणं, प्रीमिअर बॉक्सिंग चॅम्पियन्स दुसरं, गोल्डन बॉय तिसरं, मॅचरूम चौथं. मुलगा ज्या प्रमोटरचा, त्याच्याच घरातल्या मुलाशी सहसा लढणार, कारण वाहिनी त्यांची, पैसा त्यांचा आणि हरलं तरी घरातल्या घरात. आपल्यात सगोत्र चालत नाही, यांच्यात भिन्नगोत्र चालत नाही. मग पट्टे. एकाच वजनाचे चार जगज्जेते असू शकतात, कारण पट्टे वाटणाऱ्या संस्थाच चार. मग मानपान : जाहिरातीत नाव आधी कोणाचं, रिंगमध्ये मागाहून वाजतगाजत कोण येणार, पैशाची वाटणी साठ-चाळीस की निम्मी निम्मी. शेवटी वडील. बॉक्सर हेनीला शिकवतात त्याचे वडील, लोपेझला त्याचे, आणि युक्रेनच्या लोमाचेन्कोला शिकवायचे त्याचे. हे तिसरे व्याही मामांचे विशेष लाडके. पोराचे पाय हलके व्हावेत म्हणून त्यांनी त्याचं बॉक्सिंग बंद करून त्याला चार वर्षं नाच शिकायला घातलं होतं. ‘आणि आमच्या वडिलांनी मला कॉमर्सला घातलं,’ असं म्हणून मामा इथे थोडं थांबतात. आपणही थांबायचं असतं.

एवढं सगळं जुळलं, तरी पत्रिका आहेच. जर्व्हाँटा डेव्हिस, टोपणनाव टँक, उंची पाच फूट साडेपाच इंच, ठोसा खाणाऱ्याला आपण कुठे आहोत हे विसरायला लावणारा. शकूर स्टीव्हनसन, न्यूअर्कचा, म्हणजे एडिसनहून लोकलच्या अंतरावरचा, समोरच्याचा ठोसा अंगाला लागूच न देणारा. या दोघांची लढत व्हावी असं सगळ्या जगाला वाटतं. मामा डोळे मिटून मान हलवतात. दोघेही उजवा हात पुढे ठेवून लढणारे, डावखुऱ्या पवित्र्याचे.

‘एकनाड आहे,’ मामा म्हणतात.

हा प्राणी एडिसनपुरता नाही. ब्रुकलिनच्या न्हाव्याच्या दुकानात तो असतो, लास व्हेगासच्या टॅक्सीत असतो आणि बायकोच्या बाळंतपणाला दवाखान्याबाहेर येरझारा घालतानाही शेजारच्या येरझाऱ्याला ‘पण हेनीचा जॅब?’ असं विचारतो. त्याची खूण म्हणजे झालेल्या लढतींत त्याला फारसा रस नसतो. त्या उगाळायच्या त्या न झालेल्यांना टोचण्यापुरत्या. मामांचा ठेवणीतला दाखला म्हणजे हॅग्लर, लिओनर्ड, हर्न्स आणि दुरान. 1980 ते 1989 या काळात हे चौघं आपसांत नऊ वेळा लढले. ‘नऊ!’ मामा दोन्ही पंजे वर करतात आणि एक करंगळी दुमडतात. ‘आणि आत्ताचे चौघं? डेव्हिस, गार्सिया, हेनी, लोपेझ. 2023 चा एप्रिल अर्धा संपला तरी आपसांत एक लढत नव्हती.’ दुसरा दाखला मेवेदर-पॅकियाओचा. 2009 च्या अखेरीस चाललेली बोलणी फिसकटली आणि लढत झाली ती 2 मे 2015 ला. एक 38 चा, दुसरा 36 चा. ‘या वयात जमलेल्या लग्नात काय रंगत येणार?’ हे म्हणताना मामा मामींकडे का पाहतात, ते मी विचारलेलं नाही.

प्रात्यक्षिक जेवणाच्या टेबलावर होतं. लोणच्याची बुटकी, दणकट बरणी म्हणजे टँक. केचपची उंच बाटली म्हणजे हेनी. मीठदाणी म्हणजे लोमाचेन्को, कारण ती गोल फिरवता येते. मीठदाणी बाटलीच्या पुढच्या पायाबाहेर कशी सरकते, तिथून कोनात कशी ठोसा देते आणि बाटली वळेपर्यंत पाठीमागे कशी पोचते, हे मामांनी मला इतक्यांदा दाखवलंय की हॉटेलात मीठदाणी दिसली की मी नकळत गार्ड वर घेतो. 20 मे 2023 ला ही लढत खरोखर लास व्हेगासला झाली. चारही पट्टे पणाला, आणि तिन्ही पंचांनी हेनीला विजयी केलं, दोघांनी तर 115-113 अशा केसाच्या फरकानं. एका पंचानं दहावी फेरीसुद्धा हेनीला दिली. हे दुःख मामांच्या घरात सुतकासारखं पाळलं गेलं. मराठीत पंच म्हणजे निवाडा करणाराही आणि ठोसाही. त्या रात्रीचा सगळ्यांत जबर पंच मामांच्या मते पंचांनीच मारला. दुसऱ्या दिवशी ते टेबलावर दहावी फेरी पुन्हा लढवत होते. मीठदाणी ऐन रंगात असताना मामी आल्या, तिला उचललं आणि आमटीवर उपडं केलं.

पण मामांची खरी परीक्षा त्याच्या महिनाभर आधी झाली होती. भिन्नगोत्री डेव्हिस आणि गार्सिया यांचं चक्क ठरलं. 22 एप्रिल, लास व्हेगास. अटी अशा की वजन 136, आणि लढतीच्या दिवशी सकाळी पुन्हा काट्यावर उभं राहायचं, तोवर दहा पौंडांच्या वर वाढायचं नाही. म्हणजे साखरपुडा झाला, आता लग्नाच्या घटकेपर्यंत जेवू नका. घरबसल्या बघायचे 84.99 डॉलर होते. आम्ही चौदा जणांनी वर्गणी काढली, मामींनी शंभर बटाटेवडे तळले. सगळे खुशीत होते आणि मामा मात्र मुलगी सासरी जाणाऱ्या बापासारखे घरभर फिरत होते. दीड वर्ष ज्या प्रश्नावर आपण जगलो, त्याचं उत्तर अर्ध्या तासात येणार, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती.

दुसऱ्या फेरीत गार्सिया पडला, उठला. सातव्या फेरीच्या वेळी मामा टीव्हीकडे पाठ करून शेजारच्या गुजराती गृहस्थांना दुरान पोटात कसा मारायचा ते दाखवत होते. तेवढ्यात डेव्हिसचा डावा हात गार्सियाच्या बरगडीखाली बसला. गार्सिया एक क्षण उभा राहिला, जणू पत्ता आठवतोय, मागे सरकला आणि गुडघ्यावर बसला. दहा आकडे झाले. संपलं. आम्ही ओरडलो म्हणून मामा वळले, तर पडद्यावर माणसंच माणसं. शरीरावरच्या ज्या ठोशानं फैसला होईल असं मामा दीड वर्ष सांगत होते, तो सोडून त्यांनी सगळी लढत पाहिली.

नंतर मांडव उठलेल्या घरात वावरावं तसे ते खुर्च्या मिटत होते. ‘वडे उरलेत का?’ एवढंच बोलले. माझी बायको घाबरली. पण सोमवारी सकाळी सव्वासहाला फोन वाजला. ‘जावईबापू, आता टँकला शकूरशिवाय कोण आहे सांगा.’ आवाज टुणटुणीत होता.

शकूरला प्रत्यक्ष बघायलाही ते गेले. 6 जुलै 2024, न्यूअर्कचं प्रुडेन्शियल सेंटर, मी सोबतीला. शकूर बाराही फेऱ्या जिंकल्यासारखा लढला, कुणाला लागलं नाही, कुणी पडलं नाही. आमच्या मागचा माणूस हुर्यो करत होता. मामा मंत्रमुग्ध. परतीच्या गाडीत म्हणाले, ‘काहीच सिद्ध झालं नाही. काय सुंदर!’

मग आला 1 मार्च 2025. ब्रुकलिनमध्ये डेव्हिसची गाठ लमाँट रोच या खालच्या वजनातल्या मुलाशी. नवव्या फेरीत डेव्हिस आपणहून गुडघ्यावर बसला, उठून कोपऱ्यात गेला, तोंड पुसून घेतलं. रेफरींनी तो पाडाव धरला नाही. धरला असता तर रोच जिंकला असता. न धरल्यामुळे निकाल बरोबरीचा लागला. डेव्हिसनं कारण सांगितलं की केसांना लावलेलं स्निग्ध काहीतरी ओघळून डोळ्यांत गेलं.

मामांच्या तोंडावर दिवाळी होती. बरोबरी! वर वाद! वर परतीची लढत! ते उभे राहून नियम सांगू लागले, तोच आतून हात पुसत मामी आल्या.

‘अहो, न्हाऊनमाखून, तेल चोपडून कुणी मारामारीला जातं का?’

मामांना तीस वर्षांत प्रथमच प्रतिवाद सुचला नाही. पुढच्या आठवड्यात हा मुद्दा त्यांनी सहा ठिकाणी स्वतःचा म्हणून सांगितला.

परतीच्या लढतीची बोलणी सुरू झाली आणि रीतसर फिसकटली. त्याच वर्षी जूनमध्ये लोमाचेन्को निवृत्त झाला, तेव्हापासून मीठदाणी शकूरला मिळाली आहे. मागे गेलो तेव्हा मामी ताटं मांडता मांडता विचारत होत्या, ‘मग आपल्या न्यूअर्कच्या मुलाचं काय झालं? त्या टँकशी जमतंय का नाही?’

‘बघू,’ मामा म्हणाले, ‘घाई कशाला?’ आणि मीठदाणी बोटानं हळूच लोणच्याच्या बरणीकडे सरकवली, लागणार नाही इतपत.