बंदरावरचे नगरकर काका

मुलगा परदेशात स्थिरावला, की आई-वडिलांना दोन गोष्टी चुकत नाहीत. एक नातवंडं सांभाळणं आणि दुसरी क्रूझ. या दुसऱ्या भानगडीतून भूमध्य समुद्राच्या बंदरांवर दर उन्हाळ्यात एक खास वाण उतरतं. त्याला आपण नगरकर काका म्हणू. नगरच्या सावेडीत बंगला, हायस्कुलातून निवृत्ती, भर जूनमध्ये खिशात कानटोपी आणि खांद्याला काकूंनी भरलेली गुळपापडीची पिशवी.

जहाज सकाळी मार्सेलिसला लागतं. साडेचारपर्यंत परत या, अशी सूचना होते. बाकीचे प्रवासी निवांत कॉफी घेत असतात, तेव्हा काका जिन्याच्या तोंडाशी पहिल्या नंबरला उभे. माळीवाड्याच्या एसटी स्टँडवर आयुष्य काढलेला माणूस. डबल बेल पडली की गाडी कुणासाठी थांबत नाही, ही त्यांची श्रद्धा.

क्रूझचा धक्का जुन्या बंदरापासून चांगलाच लांब. मुलगा बसची तिकिटं काढायला निघतो. काका भाड्याचे मनातल्या मनात रुपये करतात आणि म्हणतात, "चालायचं! चालल्याशिवाय गाव कळतं का?" काकू नऊवारीच्या वयातून पंजाबी ड्रेसात आलेल्या, पायात सुनेचे बूट. त्या नुसतं टेकडीकडे बघतात. वर नोत्र-दाम द ला गार्दचं चर्च, खाली त्यांचे गुडघे.

जुन्या बंदरावर मुलगा मोबाइलवरून वाचून दाखवतो, "बाबा, इसवी सनापूर्वी 600 च्या सुमाराला ग्रीकांनी हे वसवलं."

"आपलं 1490 चं," काका म्हणतात. दोन हजार वर्षांचा फरक ते मनावर घेत नाहीत. "पण निजामशहाचं नगर बघून लोक कैरो-बगदादचं नाव काढायचे. मार्सेलिसचं काढलं का कुणी?"

"नगरला समुद्र कुठाय पण?" नातू विचारतो. याच प्रश्नाची काका मुंबईपासून वाट बघत असतात.

"चौल! निजामशाहीचं बंदर होतं ते. 1508 साली तिथं इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना झोडपलं. व्हाइसरॉय अल्मेडाचा पोरगा मेला त्यात. आणि तो इजिप्त कुठाय? ह्याच पाण्याच्या पलीकडं. म्हणजे आपण इथं काही परके नाही."

मग विषय सावरकरांचा. 8 जुलै 1910, मार्सेलिसलाच लागलेली मोरिया बोट, पोर्टहोलमधून उडी. किनारा गाठला तरी फ्रेंच शिपायाने धरून परत इंग्रजांच्या हवाली केलं आणि 1911 मध्ये हेगच्या लवादाने त्यावर शिक्का मारला. हे सगळं काका अशा आवाजात सांगतात, की बाकावरचा एक फ्रेंच म्हातारा अपराधी चेहरा करून उठून जातो. उडीची नेमकी जागा कोणती, हे मात्र मुलाला सांगता येत नाही. काका थेट धक्क्यावरच्या मासेवालीला गाठतात.

"बोंजूर. सावरकर. जंप. वॉटर." सोबत हातांनी सूर मारून दाखवतात.

बाईला एवढंच कळतं, की गिऱ्हाइकाला पाण्यातून उडी मारणारं, एकदम ताजं काहीतरी हवंय. ती एक तडफडता मासा तोलून, कागदात गुंडाळून काकांच्या हातात देते. पैसेही घेते.

"घ्या!" काकू म्हणतात. "आता बोटीवर भटारखान्यात उभं राहू का मी?"

मासा परत घेण्याबद्दल मराठीतून अर्धा तास वाटाघाटी चालतात. शेवटी तो शेजारच्या मांजरीच्या नशिबी जातो. त्यानंतर किल्ला, कॅथेड्रल, जुन्या पानिए वस्तीतले सगळे चढ, साबणाची चार दुकानं (खरेदी शून्य) असं सगळं पायाखाली घालून काका अडीचलाच जहाजावर हजर. साडेचारला जहाज खरंच सुटतं का, हे बघायला रेलिंगपाशी उभे राहतात.

संध्याकाळी नातू विचारतो, "आजोबा, आपल्या भुईकोट किल्ल्यात काय आहे?"

"अरे, 1944 साली नेहरूंनी तिथं कैदेत अख्खं पुस्तक लिहिलं!"

"ती खोली कशी आहे?"

काका चष्मा पुसतात. "किल्ला काय, येता-जाता दिसतोच की रस्त्यावरून. आत जायचं राहिलंय."

"जाणारेत रे ते," काकू गुडघ्याला बाम चोळत म्हणतात, "माळीवाड्याला एकदा जहाज लागू दे फक्त."