बंटीचे बाबा

नल्लकुंट्यात शंकरमठाच्या बाजूला सकाळी सहाला उभं राहिलं, की हा इसम दिसतोच. डोक्याला कानटोपी, एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात गुंडाळलेला जुना पेपर. पेपर वाचायला नसतो. कुत्रा चावलेली माणसं शहरभरातून ज्या फीव्हर हॉस्पिटलात येतात, तेही याच वस्तीत. त्याच्या फाटकासमोरून जाताना हा इसम पट्टा आखूड धरतो आणि कोणाच्या नजरेला नजर देत नाही.

त्याला स्वतःचं नाव आहे, पण ते पेन्शनच्या कागदांपुरतं. गल्लीत तो बंटीचे बाबा. मुलगी शाळेत होती तेव्हा ती कितवीत आहे हे त्यांना निकालाच्या दिवशी कळायचं. बंटीचे दात मात्र तोंडपाठ: दुधाचे 28, आता 42. जन्म ऑडिटमध्ये गेलेला, त्यामुळे हातात आलेल्या कुठल्याही विषयाची फाइल होते.

बंटीनं सोफ्याचा तिसरा पाय कुरतडला आणि फाइल उघडली. कोणीतरी सुचवलं, हरणाचं शिंग द्या. चघळत बसतो, दात साफ राहतात. झालं. मराठीत गाईचंही शिंग आणि हरणाचंही शिंगच, तेव्हा बाबांनी पहिले आठ दिवस फरक समजावण्यात घालवले. गाई-म्हशीचं शिंग म्हणजे आतल्या हाडावर नखाच्या जातीचं आवरण. ते गळत नाही. हरणाचं शिंग म्हणजे हाडच. ते दरसाल गळतं, नवं फुटतं, आणि रेनडिअर सोडला तर फक्त नरालाच येतं. हे सगळं नल्लकुंटा बाजारात मेथी निवडता निवडता भाजीवालीला ऐकवलं गेलं. तिनं जुडीचे पैसे मागितले.

मग निवड. अखंड की उभं चिरलेलं? चिरलेल्यात आतला गर उघडा पडतो, कुत्र्याला लगेच गोडी लागते, पण संपतंही लवकर. अखंड टिकतं, पण बंटीनं पहिल्या दिवशीच नाक मुरडलं तर? लांबी अशी हवी की आख्खं तोंडात जाणार नाही. पांढरंफटक, वाळून भेगा पडलेलं नको. त्याच्या कपच्या निघतात. मुलगी डॅलसला. तिकडे दुपार, इकडे रात्रीचे साडेअकरा. ती दुकानातल्या फळीपुढे फोन धरून उभी आणि बाबा शिंप्याच्या टेपनं झोपलेल्या बंटीचा जबडा मोजतायत.

"बाबा, माझ्या बुटाचा नंबर तरी माहीत आहे का तुम्हाला?" तिनं विचारलं. रेंज गेली असावी.

जनावरांच्या डॉक्टरांनी फाइल बघितली आणि मिटली. "साब, नाखून दबाके देखो. निशान नहीं पड़ा, तो नक्को!" वस्तू नखानं दबत नसेल तर दाताला ती फार कडक. दुसरी कसोटी गुडघ्याची: स्वतःच्या गुडघ्यावर मारून घ्यायची छाती होत नसेल, तर कुत्र्याला चघळायला देऊ नये. शिंग हाताशी नव्हतं, म्हणून बाबांनी तुलनेसाठी आधी लाटणं मारून पाहिलं, मग बत्ता. बत्ता बाद झाला, गुडघा दोन दिवस. डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. शिंग चघळताना वरची मोठी दाढ उभी चिरते. मग दाढ काढा, नाहीतर रूट कॅनल करा. बंटीच्या रूट कॅनलचा खर्च बाबांनी तिथंच टिपून घेतला. त्यांची स्वतःची दाढ तीन वर्षांपासून तशीच आहे.

शेवटी आली छुर्पी. हिमालयाकडे याकच्या दुधाचं दगडासारखं चीज करतात, ते. तीही कोरडी असताना नखाच्या कसोटीला उतरत नाही, पण ती पाण्यात भिजवून मऊ करता येते आणि उरलेला बारका तुकडा मायक्रोवेव्हमध्ये लाहीसारखा फुलतो. बंटीला ती आवडली. डॅलसची खरेदी रद्द झाली.

फाइल इथं बंद व्हायची. पण त्याच संध्याकाळी काकूंनी, म्हणजे बाबांच्या बायकोनं, सासूबाईंचा बटवा उघडला. जायफळ, वेखंड, मुरुडशेंग आणि तळाशी बोटभर सांबरशिंग. छातीत दुखलं की सहाणेवर उगाळून त्याचा लेप द्यायचा, हा मराठवाड्यातून हैदराबादला आलेला घरचा रिवाज. "अहो, एवढं अमेरिकेहून मागवत होतात. हे घरात पडलंय की!"

बाबा पांढरे पडले. 1972 चा वन्यजीव कायदा त्यांच्या फाइलीत खुणा करून ठेवलेला. सांबर-चितळाचं शिंग गळून पडलेलं असलं तरी त्याचा व्यापार बंद. आणि चितळ तर 2014 पासून तेलंगणाचा राज्यप्राणी. घरात असले जुने जिन्नस असतील तर जाहीर करा म्हणून सरकारनं 2003 साली 180 दिवस दिले होते. वारशानं आलं असेल तर वारसानं 90 दिवसांत कळवायचं.

बटवा आता देवघराच्या कपाटात कुलपात आहे. वनखात्याला द्यायच्या अर्जाचा तिसरा मसुदा झाला आहे. सासूबाई जून 2009 मध्ये गेल्या. मुदत त्याच सप्टेंबरात संपली.