सुट्या सिगारेटीस अनावृत पत्र

श्रीमती सुटी सिगारेटबाई,
मु. पो. कोपऱ्यावरची पानटपरी, यांसी
सा. न. वि. वि.

आपले उपकार एकदा जाहीरपणे मान्य करावेत, म्हणून हे पत्र. आख्खं पाकीट बाळगणारा तो व्यसनी. आपल्याला एकेकटीला गाठणारा मात्र ‘कधीमधी घेणारा’, मग ते कधीमधी दिवसातून पाच वेळा का येईना! विम्याच्या फॉर्मवर, सोयरिकीच्या बैठकीत, डॉक्टरांपुढे “छे, मी नाही ओढत” असं खोकत खोकत ठणकावता येतं, ते आपल्याच कृपेनं.

पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग २०१६पासून त्या किळसवाण्या चित्रानं अडवला आहे. आपण त्यातून अलगद बाहेर येता आणि चित्र टपरीवाल्याकडेच राहतं. सरकारनं सप्टेंबर २०२०मध्ये महाराष्ट्रात आपली सुटी विक्री बंद केली, तेही आपण मनाला लावून घेतलं नाहीत. दोरीला लोंबणारा लायटर अजून ड्युटीवर आहे.

काही विघ्नसंतोषी डॉक्टर मात्र हिशेब मांडत बसतात. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं २०१८मध्ये छापलं, की रोज वीस ओढणाऱ्याच्या हृदयविकाराचा धोका जितका वाढतो, त्याच्या निम्म्याच्या आसपास तो रोज एकच ओढणाऱ्याचाही वाढतो. शाळेतल्या गणितानं विसावा हिस्सा यायला हवा होता. थोड्याशा धुरानंही रक्त गोठायला उतावीळ होतं म्हणे. एकटीनं दहाजणींचं काम करता, पण बोलून दाखवत नाही!

आपल्या जिवावर उठलेलेही आहेत, सावध असा. पाकिटावर १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर छापतात. तिथली माणसं ओढणाऱ्याला सोडायची तारीख ठरवायला लावतात. औषधाच्या दुकानात निकोटिनचा च्युइंगगम मिळतो. कचाकचा चावला तर उचक्या लागतात, आपली बाजू भक्कम होते. पण हल्ली लोकांना कळलंय, की जिभेला चुरचुरला की तो गालात दाबून ठेवायचा. तलफ काही मिनिटांत ओसरते, हेही फुटलंय. पहिले दोन-तीन दिवस चिडचिड, झोपेचं खोबरं, सकाळी पोट अडून बसणं, एवढा काळ तग धरलात तर आपली सरशी. पुढे अवघड होत जातं.

समोरच्या बँकेतले एक साहेब हल्ली चहा टेबलावरच मागवतात. साडेचारला गालात काहीतरी धरून खिडकीशी उभे असतात. तेवढं बघून घ्या.

कळावे. लोभ असावा, पण लांबूनच.

आपला,
एक कधीमधीवाला