चौदा विद्या, एक प्लग

त्वचेच्या डॉक्टरच्या पदवीत तीन गोष्टी असतात: त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग. देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या इंग्रजी नावातही हे तिन्ही अजून मानानं नांदताहेत. दवाखान्याच्या पाटीवर मात्र तिघांपैकी एकालाही जागा नाही. तिथे ‘ग्लो’ असतो, ‘रेडियन्स’ असतो आणि परवाना नसलेला एखादा ‘ऑरा’ असतो. रोग मागच्या दारानं गेला, पुढच्या दारानं मशीन आलं. मशीनच्या मागोमाग, लॅपटॉपची बॅग सावरत, मशीन विकणारा.

“मॅडम, एकच मशीन. चौदा ट्रीटमेंट. केस, वांग, पिंपल, सुरकुत्या, टॅटू, सगळं. चौदा वेगळी मशीन घेतलीत तर विचार करा किती जातील!”

मॅडमचा चौदा मशीन घ्यायचा विचार स्वप्नातही नव्हता. पण कधीच न होणाऱ्या खर्चातून झालेली ही बचत मनात जमा व्हायला लागते, आणि संध्याकाळपर्यंत ती इतकी वाढते की तिच्या जोरावर कर्ज काढता येतं.

आपल्याकडे चौदा विद्या एका माणसाला येत असल्या तर त्याला पंडित म्हणत आणि त्याच्या पायावर डोकं ठेवत. मशीनच्या बाबतीत आधी जरा पदार्थविज्ञानाचं पुस्तक उघडावं. १९८३ साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोघांनी ‘सायन्स’मध्ये एक निबंध छापला आणि त्वचेवरच्या लेझरचं सगळं शास्त्र त्यावर उभं राहिलं. सांगणं साधं होतं. ज्याला मारायचं आहे त्यालाच आवडेल अशी प्रकाशाची तरंगलांबी निवडा, आणि त्याच्या आकारमानाला झेपेल तेवढाच वेळ तो प्रकाश सोडा. जास्त वेळ सोडलात तर उष्णता शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पसरते. शेजारी म्हणजे पेशंटचा गाल.

यातला ‘वेळ’ हा भाग माहितीपत्रकात कायम बारीक अक्षरांत असतो. एनडी-याग लेझरची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर. हा आकडा केस काढणाऱ्या मशीनवरही असतो आणि टॅटू काढणाऱ्या मशीनवरही. मग एकच की दोन्ही! नाही. केसाच्या मुळाला मारायला प्रकाश काही मिलिसेकंद लागतो. टॅटूच्या शाईचा कण फोडायला काही नॅनोसेकंद. एका मिलिसेकंदात दहा लाख नॅनोसेकंद बसतात. नॅनोसेकंदवाला केसावर चालवला तर केस जातात, मुळं शाबूत राहतात आणि थोड्याच दिवसांत केस पुन्हा हजर होतात. मिलिसेकंदवाला टॅटूवर चालवला तर शाई जागेवर राहते आणि वर व्रण उठतो. प्रेयसीचं नाव मिटवायला आलेला मुलगा ते नाव ठळक अक्षरांत घेऊन जातो.

आता चौदा विद्यांमधल्या लाडक्या आयपीएलकडे. क्रिकेटचं नव्हे, हे दुसरं. पैसा मात्र दोन्हीकडे दिव्यांच्या झगमगाटातच मिळतो. हा लेझर नाहीच. हा झेनॉनचा फ्लॅश दिवा. साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश एकदम ओततो, आणि समोर फिल्टर बदलला की ‘नवी ट्रीटमेंट’ होते. फिल्टर आठ, म्हणून विद्या आठ. गोऱ्यापान कातडीवर हा दिवा खरंच छान काम करतो. अडचण एवढीच, की गोरीपान कातडी कोथरूडला कमी येते.

टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये उन्हाला कातडी कशी दाद देते त्यावरून तिचे प्रकार पाडले, तेव्हा यादी चारावर संपत होती आणि ती गोऱ्यांचीच होती. सावळ्या आणि काळ्या लोकांसाठी पाचवा आणि सहावा नंबर मागाहून जोडला. आपण बहुतेक मंडळी चौथ्या-पाचव्या नंबरात. आपल्या वरच्याच थरात मेलॅनिन भरपूर असतं आणि आत मुळाशी निघालेला प्रकाश ते दारातच अडवतं. मग पोळतं. आयपीएलची काच चौकोनी असते, त्यामुळे भाजल्याची खूणही चौकोनी उमटते. डाग घालवायला आलेल्या बाईच्या गालावर फूटपट्टीनं आखल्यासारखा नवा डाग: हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नीट फिल्टर, थोडी ऊर्जा आणि अनुभवी हात असेल तर आपल्या कातडीवरही आयपीएल चालतो, हे खरं. पण सगळ्या कामांना एकच मशीन घेणाऱ्या दवाखान्यात अनुभवी हात रिसेप्शनवर बिलं फाडत असतात आणि दिवा चालवायला परवा लागलेली मुलगी असते.

आणि हनुवटीवर केस येणाऱ्या मुली! पीसीओएसची, म्हणजे हार्मोनच्या गडबडीची, पोर महिनोन्‌महिने नेमानं येते. तिच्यासाठी आपल्या वर्णाला सोसणारा लाँग-पल्स एनडी-याग किंवा चांगला डायोड लागतो. त्याऐवजी तिला अर्धवट ऊर्जेचा दिवा मिळाला, तर कधीकधी त्या उबेनं आजूबाजूची लव जागी होते आणि केस वाढतात. पाठ्यपुस्तकात याला भारदस्त नाव आहे. मुलीची आई याला जे म्हणते ते छापता येत नाही.

तरी बहुउद्देशी म्हणजे वाईटच, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपल्या घरातली विळी बघा. तिच्यावर भाजी चिरता येते आणि तिच्याच टोकाशी नारळ खवता येतो. विळी का जमली? पाट एक आणि दाते वेगळे, म्हणून. कुणी पात्यानंच नारळ खवायला सांगितलं नाही. चांगल्या कंपनीचा प्लॅटफॉर्म असाच असतो. वीज, थंड पाण्याचा चिलर आणि पडदा सामाईक. पण केसाचा हँडपीस खरा डायोड, व्रणांचा हँडपीस खरा फ्रॅक्शनल. खोकं एक, हत्यारं दोन. लहान जागेत असं मशीन घेणारा शहाणाच म्हणायचा. खोटा प्लॅटफॉर्म कसा ओळखायचा? हँडपीसच्या आत काय आहे ते विचारा. विकणारा पडद्यावरची चित्रं दाखवायला लागला तर समजा, आत दिवाच आहे.

मात्र विळीवर कुणी नारळ खवत असेल तर भाजी चिरणारीला थांबावं लागतं. दवाखान्यात एकीचे पाय चालू असतील तर दुसरीची हनुवटी बाहेर सोफ्यावर मासिक चाळत बसते. आणि चिलर बिघडला की एकदम चौदा ट्रीटमेंट बंद. इंजिनियर येतो मुंबईहून, सुटा भाग येतो समुद्रापलीकडून, कर्जाचा हप्ता मात्र न चुकता पाच तारखेला. हप्त्याला पितृपक्ष नसतो.

एकेका कामासाठी एकेक उंची मशीन घेणारेही कमी नाहीत. यांच्याकडे प्रत्येक लांबीला स्वतंत्र खोली, स्वतंत्र एसी आणि स्वतंत्र वार्षिक देखभाल करार. तालुक्याच्या गावी कोडासाठी ३०८ नॅनोमीटरचा एक्सायमर घेऊन बसतात. मशीन उत्तम, शास्त्र पक्कं. पण त्याच्या फेऱ्या आठवड्याला दोन-तीन असतात आणि पेशंट एसटीनं येतो. तीन आठवड्यांनी तो यायचा थांबतो, मग मशीनवर क्रोशाचं कव्हर चढतं आणि वर फुलदाणी.

कोणतं मशीन घ्यावं, हे विकणारा सांगतो, कॉन्फरन्समधला मित्र सांगतो, बँकेचा मॅनेजरही सांगतो. दवाखान्याचं रजिस्टर कुणी उघडत नाही. त्यात बघितलं तर बाहेरच्या बाकावर कोण बसलंय? मेडिकलवाल्यानं दिलेलं स्टिरॉइडचं मिक्स मलम चोळून नायटा अंगभर पसरवलेला माणूस. केस गळणारी नवी आई. पिंपलची पोरं. वांग असलेल्या बायका, ज्यांना सगळ्यात आधी सनस्क्रीन आणि मलम लागतं आणि ज्यांच्यावर उत्साहानं लेझर मारत सुटलं तर वांग दुप्पट जोमानं परततो. यातल्या बहुतेकांना मशीन लागतच नाही. त्यांना डॉक्टर लागतो. तो आत डेमो बघत असतो.

उरलेल्यांचा हिशेब लावला तर हनुवटीचे केस, पिंपलचे खड्डे आणि टॅटू एवढीच कामं निघतात. टॅटूचं म्हणाल तर भरतीचा हंगाम आला की गर्दी होते, कारण सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला टॅटू चालतो, इतरत्र सहसा नाही. दंडावर वाघ काढून घेतलेले पैलवान तेव्हा रांगेत असतात. काळी शाई १०६४ ला निघते, लाल रंगाला ५३२ लागतो आणि हिरवा रंग डॉक्टरच्या संयमाची परीक्षा घेतो. पण हा हंगाम आहे, बारमाही पीक नव्हे. मोठ्या शहरांत दिवसाच्या भाड्यानंही लेझर मिळतो. भरतीपुरता भाड्यानं आणावा, केसांचं मशीन मात्र स्वतःचं आणि एकमार्गी घ्यावं, कारण त्याच्यावर दवाखान्याचं भाडं निघतं. हा सल्ला फुकट आहे, म्हणून कुणी ऐकणार नाही.

कागदपत्रांचं एक राहिलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून सी आणि डी या जास्त जोखमीच्या वर्गांतल्या वैद्यकीय उपकरणांच्या आयातीला आणि निर्मितीला परवाना सक्तीचा झाला. चौदा विद्यांच्या मालकाला परवान्याची प्रत मागून बघा. तो मशीनच्या पाठीवरचं ‘सीई’चं स्टिकर दाखवतो. ते कडेनं सुटत असतं.

एवढं सगळं सांगूनही मशीन येतं, पूजा होते, नारळ फुटतो. पहिल्या महिन्यात मेनूकार्डावर चौदा ट्रीटमेंट छापल्या जातात. वर्षभरात हँडपीसचा काउंटर बघावा: केसांच्या हँडपीसचे शॉट संपत आलेले असतात, आणि ऑक्सिजनचा स्प्रे, थंड हातोडी वगैरे मंडळी जशी आली तशी खोक्यात असतात. नव्या हँडपीसची जी किंमत सांगतात तेवढ्यात, वर्षापूर्वी न घेतलेलं साधं मशीन आलं असतं. मग एके दिवशी डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडतो: ‘कमी वापरलेलं मशीन विकणे आहे, चौदा ट्रीटमेंट, तेरा हँडपीस नव्यासारखे.’

लगेच सोलापूरच्या एका तरुण डॉक्टरचा मेसेज येतो. “सर, चौदावा कुठला?”

“केसांचा. तो तेवढा बदलावा लागेल.”

“अरेरे. मला तेवढाच हवा होता.”