पावसाची बॅटिंग, चेंडू कोण?

जुलैत नगर जिल्ह्यातल्या राजूरच्या नावाने छापून येणारी बातमी न वाचताही सांगता येते. भंडारदऱ्याच्या पाणलोटात पावसाची दमदार बॅटिंग, घाटघर-रतनवाडीत तुफान खेळी, आणि दोन दिवस ऊन पडले तर पाऊस पॅव्हेलियनमध्ये. ऑगस्टात पुन्हा सरी आल्या की दुसरी इनिंग. धरण भरले की शतक. आता हाच पाऊस ऑक्टोबरात, शेतात सोयाबीन आणि चाळीत कांदा असताना येऊ द्या. तेव्हा त्याच्या हातातली बॅट काढून घेतलेली असते. तो कहर करतो, धुमाकूळ घालतो, झालेच तर थैमान. ढग तेच, पाणी तेच, मिलिमीटरही कदाचित तेवढेच. म्हणजे ‘बॅटिंग’ या शब्दावरून पाऊस किती पडला ते कळत नाही, कोणाच्या संघाकडून पडला एवढेच कळते.

हा संघ कोणता, ते धरणाखाली पाहिले की उमगते. इंग्रजांनी बांधलेले भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पुरे झाले. साठवण अकरा टीएमसी. ते पाणी प्रवरेच्या कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवाशाच्या शिवारांत जाते, उसाला जाते. प्रेक्षक तिकडे बसलेले आहेत आणि टाळ्याही तिकडूनच येतात. त्याहून लांब, पैठणला, जायकवाडीचे पंच बसलेले. 2005 च्या कायद्याने समन्यायी वाटप आले, आणि पुढे 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचे असे ठरले. डकवर्थ-लुईसचे गणित याच्यापुढे सोपे वाटावे. या सगळ्यात घाटघर, साम्रद, रतनवाडीचा माणूस कुठे उभा आहे? पाऊस फलंदाज, धरण धावफलक, खालचे तालुके प्रेक्षक. उरला फक्त चेंडू. पंधरा दिवस सूर्य दिसला नाही म्हणून भाताची रोपे सडली, आवणी खोळंबली, वीज गेली ती आलीच नाही, जनावराला बाहेर काढायची सोय राहिली नाही, तरी मथळा ‘दमदार’च. डांगी गाय तेवढी या सामन्यासाठी घडलेली. तिची तेलकट कातडी पाणी टिकू देत नाही. राजूरला तिचे प्रदर्शन भरते. माणसाच्या वाट्याला इरले आले.

यावर कोणी म्हणेल, नगरसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यात धरण भरण्याचा आनंद खोटा आहे काय? मुळीच नाही, आणि तो आनंद छापायला ‘भंडारदरा साठ टक्के’ एवढे पुरते. आकड्याला बॅट लागत नाही. कोणी म्हणेल, खेळातले शब्द भाषेत येणारच. येऊ देत की. जून 2023 मध्ये शरद पवारांनी आपले सासरे, कसोटीपटू सदू शिंदे यांच्या गुगलीचा दाखला देत फडणवीसांची विकेट घेतल्याचे सांगितले, तेव्हा तो शब्द चपखल बसला, कारण दोघेही हौसेने मैदानात उतरलेले होते. पाणलोटातल्या गावांनी मात्र नाणेफेकीला कोणाला पाठवले नव्हते. आणि गावातला माणूस स्वतः काय म्हणतो? पावसाने झोडपले. या क्रियापदाला कर्म लागते. कोणाला झोडपले हा प्रश्न लगेच मागे येतो. ‘बॅटिंग केली’ म्हटले की वाक्य तिथेच संपते, मार खाणारा व्याकरणातूनच बाद. उपसंपादकाची खरी सोय इथे आहे. वार्ताहराला दोष देण्यात अर्थ नाही. तो बिचारा पडत्या पावसात, मोबाइलची रेंज शोधत मिलिमीटर कळवतो. बॅट त्याच्या हातात शहरातल्या टेबलावरून दिली जाते, जिथे खिडकीबाहेर फार तर रिमझिम असते.

तेव्हा क्रिकेटच खेळायचे तर नीट खेळावे. धावफलकात घाटघर इतके मिलिमीटर, रतनवाडी इतके, धरण इतके टक्के हे रकाने असतातच. शेजारी आणखी तीन घालावेत: किती आवण्या खोळंबल्या, वीज किती तास नव्हती, घाटघरचा रस्ता चालू की बंद. जागा नाही म्हणून सांगतील. जागा आहे, अंब्रेला धबधब्याचा चार कॉलमी फोटो दरवर्षी तिथेच छापतात.